वीजदर ठरवणाऱ्या आयोगावर कोण बसतं? बेळगाव सीमाभागातल्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की दरवाढीची बातमी येते आणि वडगाव-शहापूरच्या मागवाल्या विणकरापासून खानापूरच्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं : 'हेस्कॉमनं परत दर वाढवले.' हेस्कॉम म्हणजे हुबळीची वीजपुरवठा कंपनी दर वाढवून मागते. ते द्यायचे की नाही आणि किती, हे ठरवणारी जास्तीत जास्त तीन माणसं बेंगळुरात बसतात. ती कोण असतात, तिथवर कशी पोचतात, आणि आपल्याला त्यात काही बोलता येतं का, याबद्दल आपल्या भागातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. जिथे लागेल तिथे वीज कायदा २००३ मधला कलम क्रमांक दिला आहे. अर्जात कलम लिहिलेलं असलं की समोरचा अधिकारी तो अर्ज दुसऱ्यांदा वाचतो.

आमच्या बिलाशी या आयोगाचा संबंध काय?

बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, विजापूर, बागलकोट आणि कारवार म्हणजे उत्तर कन्नड, या सात जिल्ह्यांना हेस्कॉम वीज पुरवते. पुढच्या वर्षी खर्च किती येणार आणि दर किती हवा, याचा अर्ज घेऊन तिला साधारण नोव्हेंबरअखेर कर्नाटक वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं. अर्जाची जाहीर नोटीस निघते, हरकती येतात, सुनावणी होते आणि कलम ६४ नुसार अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगानं आदेश द्यायचा असतो. एप्रिल २०२५ पासून बिलात युनिटमागे ३६ पैशांचा जो जादा आकार दिसायला लागला, वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीपोटीचा, तोही याच आयोगाच्या आदेशानं आला.

हे सरकारी खातं आहे की कोर्ट?

थोडं दोन्ही. कर्नाटकानं १९९९ मध्ये स्वतःचा वीज सुधारणा कायदा केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोग उभा राहिला. पुढे १० जून २००३ पासून केंद्राचा वीज कायदा लागू झाला आणि आज नेमणुका त्या कायद्यानं होतात. दर ठरवणं, परवाने देणं, नियम करणं ही कामं नियामकाची. पण एखाद्या साखर कारखान्याचं सहवीज (उसाच्या चिपाडावर वीज करणाऱ्या) प्रकल्पाच्या करारावरून हेस्कॉमशी भांडण झालं, तर त्याचा निवाडाही कलम ८६ खाली हाच आयोग करतो. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत (कलम ९४). आदेश मोडणाऱ्याला प्रत्येक उल्लंघनासाठी एक लाखापर्यंत दंड करता येतो (कलम १४२). बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे असले दावे आपल्याकडून कमी जात नाहीत.

आयोगावर किती जण असतात?

अध्यक्ष धरून तिघांहून जास्त नाहीत. निर्णय बहुमतानं होतो आणि मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं मत दोनदा धरलं जातं. म्हणजे एक जागा रिकामी असताना उरलेल्या दोघांत मतभेद झाला, तर निकाल अध्यक्षांच्या बाजूनंच लागणार. म्हणून रिकाम्या जागेची बातमी आली की ती बारकाईनं वाचावी.

सदस्य व्हायला शिक्षण काय लागतं? इंजिनिअरच असावा लागतो का?

नाही. कलम ८४ म्हणतं की माणूस कर्तबगार, सचोटीचा आणि प्रतिष्ठेचा असावा, आणि अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा व्यवस्थापन यांतल्या प्रश्नांचं त्याला पुरेसं ज्ञान असावं, ते हाताळण्याची कुवत त्यानं दाखवलेली असावी. कोणती पदवी, किती वर्षांचा अनुभव, हे मूळ कलमात कुठेच नाही. 'सचोटी' मोजायची कशी, तेही नाही. ते सगळं निवड समितीच्या विवेकावर सोडलं आहे.

त्या यादीत सहा विषय आहेत, पण शेतीचं नाव नाही. कर्नाटकात १० एचपीपर्यंतचे शेतीपंप मोफत चालतात आणि त्यांतल्या बहुतेकांना मीटर नाही. त्यामुळे पंपांनी किती वीज ओढली, हे फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वीजवाहिनीच्या) रीडिंगवरून अंदाजानं काढावं लागतं. हा अंदाज फुगवून ठेवला की तारांतली गळती आणि चोरी आपसूक पंपाच्या नावावर जमा होते आणि कंपनीचा कारभार कागदावर नीटनेटका दिसतो. हा खेळ पकडायला रात्रीच्या थ्री-फेजचं वेळापत्रक आणि उसाच्या पाण्याच्या पाळ्या ठाऊक असलेला माणूस लागतो. असा माणूस कायद्याच्या यादीतून आत येऊ शकतो, नाही असं नाही. पण त्याला शोधा असं कायदा कुणाला सांगत नाही. माझ्या मते या कलमातलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे.

मग प्रत्यक्षात कोण येतं?

अध्यक्षपदावर आयएएस अधिकाऱ्यांची रांग दिसते. एम. आर. श्रीनिवास मूर्ती आणि एम. के. शंकरलिंगे गौडा हे दोघेही आयएएस. त्यानंतर आलेले पी. रविकुमार तर राज्याचे मुख्य सचिव होते. ही चाल केवळ कर्नाटकाची नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या आयोगावर आलेले आनंद कुलकर्णी आणि संजय कुमार हेही आयएएस, आणि त्यांतले संजय कुमार मुख्य सचिव राहिलेले.

अशा माणसाला सरकारी फाईल कुठे अडते आणि खातं कुठे हात राखून आकडे देतं, ते अचूक माहीत असतं. कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक त्याच्यापुढे उडवाउडवी करायला धजत नाही, कारण तो बहुधा सेवेत त्याला कनिष्ठ असतो. दुसरी बाजू अशी की ज्या मंत्रालयाच्या धोरणांवर बोट ठेवायचं, त्याच मंत्रालयात या माणसाची तीस-पस्तीस वर्षं गेलेली असतात. आपलेच दात, आपलेच ओठ. याचा अर्थ प्रत्येक निवृत्त अधिकारी सरकारच्या तालावर नाचतो असा घेऊ नये. आयोगानं कंपन्यांची मागणी निम्म्याहून खाली छाटल्याचं अनेक ग्राहकांनी पाहिलेलं आहे. पण नेमणूक ज्यांच्या हातात, त्यांच्याच वर्तुळातून नाव येतं, ही शंका ग्राहकाच्या मनात राहते, आणि ती राहू नये म्हणून कायद्यानं फारसं काही केलेलं नाही.

सदस्यांच्या जागी वीज मंडळात किंवा कंपन्यांत हयात घालवलेले अभियंते, हिशोबातले जाणकार आणि अलीकडे कायद्याची माणसं दिसतात.

आयोगावर कायद्याचा माणूस असणं सक्तीचं आहे का?

आहे, आणि हे सर्वोच्च न्यायालयामुळे. कायद्यात 'कायदा' हा सहा विषयांपैकी एक. त्यामुळे कित्येक राज्यांत तिन्ही खुर्च्यांवर एकही वकील किंवा न्यायाधीश नसायचा आणि तरी करारांचे निवाडे चालायचे. गुजरात सरकार विरुद्ध युटिलिटी युजर्स वेलफेअर असोसिएशन या प्रकरणात न्या. चेलमेश्वर आणि न्या. संजय किशन कौल यांच्या पीठानं १२ एप्रिल २०१८ रोजी सांगितलं : अध्यक्ष न्यायाधीशच हवा असं बंधन नाही, पण आयोगावर किमान एक सदस्य कायद्याचा हवाच. तोही नुसता एलएलबी झालेला चालणार नाही. त्यानं न्यायिक पद भूषवलेलं असावं, किंवा वकिलीचा एवढा अनुभव असावा की तो उच्च न्यायालयाचा किंवा जिल्हा न्यायाधीश होण्यास पात्र ठरेल. शिवाय दोन पक्षांतला वाद निवाड्याला असेल, तेव्हा हा सदस्य पीठावर असला पाहिजे.

सहवीज प्रकल्पवाले आणि सौर प्रकल्पवाले यांनी हा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. आपलं प्रकरण ऐकणाऱ्या पीठावर कायद्याचा सदस्य आहे की नाही, हे पहिल्याच तारखेला बघायचं असतं. निकाल विरुद्ध गेल्यावर हा मुद्दा काढला तर ते वरातीमागून घोडं.

निवड नेमकी कोण करतं?

कलम ८५ खालची तिघांची समिती. तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश. दुसरे राज्याचे मुख्य सचिव. तिसरे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय वीज नियामक आयोगाचे अध्यक्ष. एक न्यायव्यवस्थेकडून, एक राज्याकडून, एक केंद्राकडून. कागदावर तोल चांगला साधला आहे.

मुदत संपून जागा रिकामी होणार असेल, तर सहा महिने आधीच सरकारनं प्रकरण समितीकडे पाठवायचं. मृत्यू, राजीनामा किंवा हकालपट्टीमुळे जागा अचानक रिकामी झाली, तर महिन्याच्या आत. समितीनं तीन महिन्यांत काम उरकायचं आणि प्रत्येक जागेसाठी दोन नावं सुचवायची. नाव सुचवण्याआधी त्या माणसाचे आर्थिक किंवा इतर हितसंबंध कामाच्या आड येणार नाहीत ना, याची खात्री करून घ्यायची. त्या दोनांतलं एक नाव सरकार निवडतं आणि अधिसूचना काढतं.

घोडं पेंड खातं ते त्या पहिल्या पायरीवर. समितीला तीन महिन्यांची मुदत आहे, पण सरकारनं प्रकरण वेळेत पाठवलंच नाही तर काय, याची शिक्षा कायद्यात नाही. निवृत्तीची तारीख पाच वर्षं आधीच ठाऊक असते, तरी खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहिल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून येत असतात.

समितीची नावं डावलून सरकार तिसऱ्यालाच नेमू शकतं का?

सदस्याच्या बाबतीत नाही. अध्यक्षाच्या बाबतीत एक वेगळी वाट कायद्यानंच ठेवली आहे : उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष नेमायचा असेल तर निवड समिती लागत नाही, त्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत पुरते. दिल्लीत २०२३ मध्ये उपराज्यपाल आणि राज्य सरकार यांचं अध्यक्षाच्या नावावर जमेना, तेव्हा शेवटी सर्वोच्च न्यायालयानंच दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जयंत नाथ यांना तात्पुरतं बसवलं. वीजदर ठरवणारी खुर्ची राजकारणात किती महत्त्वाची मानली जाते, हे त्यावरून कळावं.

या जागांसाठी आपण नाव सुचवू शकतो का? नेमणुकीआधी हरकत घेता येते का?

दरवाढीच्या अर्जावर जनतेचं म्हणणं ऐकणं कायद्यानं बंधनकारक केलं, नेमणुकीवर नाही. जागेची जाहिरात निघाली तर पात्र माणूस अर्ज करू शकतो. समितीपुढे लोकांची सुनावणी वगैरे काही नसते. नेमणूक झाल्यावर मात्र, ती कायद्याच्या अटींत बसत नसेल, तर 'हा माणूस कोणत्या अधिकारानं या पदावर आहे' असं विचारणारी रिट याचिका कोणताही नागरिक उच्च न्यायालयात करू शकतो. बेळगाव जिल्हा एरवी धारवाड खंडपीठाकडे येतो. पण आयोग आणि ऊर्जा खातं दोन्ही बेंगळुरात असल्यामुळे याचिका कुठे टाकायची, ते वकिलाला आधी विचारा. आणि एक लक्षात घ्या : माणूस आवडत नाही, अनुभव कमी वाटतो, एवढ्यावर अशी याचिका टिकत नाही. पात्रतेचा किंवा प्रक्रियेचा नियम मोडला आहे, हे दाखवावं लागतं.

जो वीज कंपनीत नोकरीला होता, तोच कंपनीचा न्याय करणार?

हा प्रश्न बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांकडून हमखास येतो. जुनी नोकरी हा अडथळा नाही. चालू हितसंबंध हा अडथळा आहे. सदस्य असताना दुसरं कोणतंही पद धारण करता येत नाही. पूर्वी ज्या करारावर स्वतः सही केली, तेच प्रकरण आयोगापुढे आलं तर त्या सदस्यानं बाजूला व्हावं अशी अपेक्षा असते, आणि तसा अर्ज पक्षकार करू शकतो. अर्ज लेखी, मोजक्या शब्दांत आणि कागदाच्या आधारानं करा. सुनावणीत उभं राहून 'तुम्ही त्यांचेच' म्हणणाऱ्याचा मुद्दा नोंदीत येत नाही, आवाज तेवढा येतो.

मला स्वतःला कंपनीतून आलेला अभियंता पीठावर असणं ग्राहकाच्या तोट्याचं वाटत नाही. ट्रान्सफॉर्मर का जळतात, भांडवली खर्चाची यादी कशी लांबवली जाते, हे त्यानं आतून पाहिलेलं असतं.

मुदत किती? दुसऱ्यांदा येता येतं का?

पाच वर्षं, किंवा वयाची ६५ पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. साठी ओलांडून आलेला माणूस पाच वर्षं पुरी करत नाही, हा याचा परिणाम. खुर्च्या लवकर लवकर बदलतात त्याचं एक कारण हेही. पद सोडल्यावर दोन वर्षं वीज उद्योगात किंवा आयोगापुढे पक्षकार असलेल्या संस्थेत नोकरी, संचालकपद, सल्लागारी घ्यायची नाही. आणि कुणाच्याही वतीनं कोणत्याही वीज आयोगापुढे उभं राहायचं नाही (कलम ८९).

सरकारला सदस्य नकोसा झाला तर काढून टाकता येतं का?

सहजासहजी नाही. दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, शारीरिक वा मानसिक असमर्थता, काम टाळणं, हितसंबंध गुंतवणं, सिद्ध झालेलं गैरवर्तन अशी कारणं कलम ९० मध्ये आहेत. गैरवर्तन किंवा हितसंबंधाचा आरोप असेल तर आधी दिल्लीतल्या वीज अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांची चौकशी व्हावी लागते आणि त्यांनी 'काढा' म्हणावं लागतं. पगारही मध्येच कमी करता येत नाही. नेमताना दोन नावांतलं एक निवडायला सरकारचा हात मोकळा, काढताना बांधलेला. सदस्यांना निर्भयपणे वागता यावं म्हणून ही तजवीज आहे.

एखादी जागा रिकामी असताना दिलेला आदेश चालतो का?

चालतो. केवळ जागा रिकामी आहे म्हणून आदेश रद्द होत नाही, असं कलम ९३ सांगतं. निवाड्याच्या प्रकरणात कायद्याच्या सदस्याबद्दल वर सांगितलं, तेवढं लक्षात ठेवा.

मुख्यमंत्री 'दर वाढणार नाहीत' म्हणतात, मग आयोग कशाला?

सरकार आयोगाला सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत लेखी निर्देश देऊ शकतं (कलम १०८) आणि आयोगानं ते विचारात घ्यायचे असतात. पण दर अमुकच ठेवा, असा हुकूम सोडता येत नाही. एखाद्या वर्गाला वीज स्वस्त किंवा फुकट द्यायची असेल तर आयोगानं ठरवलेला दर आणि ग्राहक भरतो ती रक्कम यांतला फरक सरकारनं कंपनीला आगाऊ द्यायचा, असं कलम ६५ आहे. २०२३ पासूनची गृहज्योती योजना, शेतीपंप, यंत्रमागाची सवलत या सगळ्यांचा हिशोब असा चालतो. गृहज्योतीत तुमचं बिल शून्य आलं तरी दर शून्य झालेला नसतो. तो सरकार भरतं. सरकारनं पैसे उशिरा दिले की कंपनी कर्ज काढते, त्याचं व्याज पुढच्या दरात घालू बघते, आणि ते घालू द्यायचं की नाही हे त्या तिघांच्या हातात असतं. नेमणुकीकडे लक्ष द्यायला हे एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आम्ही हुक्केरी सोसायटीचे ग्राहक. आम्हाला हे लागू आहे का?

आहे. हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघ १९६९ पासूनचा, देशातल्या अगदी सुरुवातीच्या वीज सोसायट्यांपैकी एक. तिची निवडणूक आपल्या जिल्ह्यात आमदारकीच्या तोडीची लढवली जाते हे सांगायला नको. पण संचालक मंडळ कुणाचंही येवो, दर आयोगच ठरवतो. राज्याच्या दर आदेशात पाच वीज कंपन्यांच्या बरोबरीनं हुक्केरीचं नाव असतं. संकेश्वर-हुक्केरीकडच्या सभासदाला संचालक मत देऊन बदलता येतात, आयोगाचे सदस्य बदलता येत नाहीत. तिथे हरकतच घालावी लागते.

घर बेळगावात, शेत चंदगड तालुक्यात. तक्रार कुठे?

जोडणी जिथे, आयोग तिथला. चंदगड, गडहिंग्लज, कागल, किंवा शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतली जोडणी महावितरणची, आणि महावितरणवर महाराष्ट्राचा आयोग. त्याचं कार्यालय मुंबईत. केंद्रीय कायदा एकच असल्यामुळे पात्रता, निवड समिती, पाच वर्षांची मुदत हे सगळं तिकडेही तसंच आहे. मुख्य सचिव फक्त तिकडचे. एका बाजूचा दर आदेश दुसऱ्या आयोगापुढे तुलनेसाठी जोडता येतो, पण तो बंधनकारक नसतो.

आयोगावर सीमाभागातला माणूस का नसतो? मराठी भाषकांसाठी जागा आहे का?

भाषा, प्रदेश, जात यांवर कोणतीही जागा राखीव नाही. उत्तर कर्नाटकाला एक सदस्य मिळावा ही मागणी राजकीय म्हणून करता येईल. कायद्यात तिला आधार नाही. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वीजबिलाच्या लढ्यात तो विषय आणला की सुनावणीतली आपली मिनिटं त्यातच जातात.

हरकत मराठीत देता येते का?

राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार तक्रार निवारणासाठीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क सोडू नका. पण फाईल वाचणारे कन्नड आणि इंग्रजीत काम करतात, म्हणून मराठी निवेदनासोबत कन्नड किंवा इंग्रजी तर्जुमा जोडलेला बरा. आपल्या घराघरांत कन्नड माध्यमात शिकलेली पोरं आहेत, ती दोन पानं सहज करून देतात. सुनावणीत तोडकं-मोडकं का होईना, कन्नड बोललेलं ऐकून घेतलं जातं.

सदस्यांची पार्श्वभूमी कळून आम्हाला उपयोग काय?

हरकत कशी लिहायची ते कळतं. एखादा जुना दर आदेश उघडून बघा. पहिल्या पानांवर अध्यक्ष आणि सदस्यांची नावं, शेवटी सह्या. मधे लोकांच्या हरकतींचं अख्खं प्रकरण असतं. तिथे आधी हरकत, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचं मत, असा क्रम. 'दर फार झाले, गरिबाला परवडत नाही' अशा हरकतींवर आयोगाचं मत बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं दिसतं. जिथे फीडरचं नाव, महिना, आकडा आणि कंपनीच्याच अर्जातला पान क्रमांक दिलेला असतो, तिथे परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले सापडतात आणि कंपनीला 'खुलासा करा' असं सांगितलेलं असतं.

तिघांत अभियंता असेल तर गळती, जळालेले ट्रान्सफॉर्मर, पंपांचा अंदाजित वापर यावर नेमकं बोट ठेवा. हिशोबाचा माणूस असेल तर व्याज, घसारा, गेल्या वर्षी मंजूर होऊन न झालेली कामं. कायद्याचा असेल तर नोटीस नीट निघाली का, मागच्या आदेशातल्या सूचना पाळल्या का. प्रशासनातून आलेल्याला सरकारकडून यायच्या अनुदानाची थकबाकी विचारा. तो विषय त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. हरकत नोटिशीत दिलेल्या मुदतीत, प्रतिज्ञापत्रासह द्यायची आणि प्रत हेस्कॉमला. प्रतिज्ञापत्राच्या कटकटीला लोक कंटाळतात, पण त्याच्याशिवायचा कागद नुसतं पत्र ठरण्याची भीती असते. वैयक्तिक जमत नसेल तर मागवाल्यांच्या किंवा कारखानदारांच्या संघटनेनं एकच भक्कम हरकत घालावी. आयोगाकडे ग्राहकांना मदत करणारा ग्राहक हित विभागही आहे, त्याचा फोन खुशाल फिरवा.

एखाद्या सदस्याला ओळखीनं भेटून सांगितलं तर?

करू नका. प्रकरण चालू असताना एका बाजूनं गुपचूप भेटणं हे न्यायाधीशाला घरी गाठण्यासारखंच. उलट आपल्याच प्रकरणाला डाग लागतो.

बिल चुकीचं आलंय, लाईनमन आठवडाभर फिरकला नाही. आयोगाकडे जाऊ?

थेट नाही. आधी सेक्शन ऑफिस, मग कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथे न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपाल (कलम ४२). मंचाचं प्रमुखपद कंपनीच्याच अधिकाऱ्याकडे असतं, म्हणून लोक नाक मुरडतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण मंचावर आयोगानं नेमलेला स्वतंत्र सदस्यही असतो आणि लोकपालाची नेमणूक आयोग करतो. तक्रारीची पोच आणि तिचा क्रमांक घेतल्याशिवाय सेक्शन ऑफिसातून हलू नका, पुढच्या दोन्ही पायऱ्यांवर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

आयोगाचा आदेश पटला नाही तर?

४५ दिवसांत दिल्लीच्या वीज अपील न्यायाधिकरणाकडे अपील (कलम १११). दिवाणी कोर्टाची वाट बंद आहे. न्यायाधिकरणाचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती असलेला किंवा राहिलेला. सोबत न्यायिक आणि तांत्रिक सदस्य. त्यांच्या नेमणुकीच्या अटींवरून केंद्र आणि सर्वोच्च न्यायालय यांची रस्सीखेच बरीच वर्षं चालली आहे. २०२१ च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्यातल्या मुदत-निवडीच्या तरतुदी न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द ठरवल्या. त्यापुढचं अपील सर्वोच्च न्यायालयात, ६० दिवसांत. एकट्या घरगुती ग्राहकाला हा खर्च झेपत नाही, तिथे संघटनाच लागते.

सध्या कोण कोण आहेत आणि कुणाची मुदत कधी संपते, हे कुठे कळेल?

आयोगाच्या संकेतस्थळावर नावं आणि थोडक्यात परिचय असतो. नेमणुकीची अधिसूचना राज्यपत्रात येते. तीत पदभाराची तारीख बघा, पाच वर्षं मोजा, वयाची ६५ कधी होते ते बघा. ती तारीख सहा महिन्यांवर आली की ऊर्जा खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका : कलम ८५ खाली निवड समितीकडे प्रकरण पाठवलं का, कोणत्या तारखेला, आणि त्या पत्राची प्रत. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. 'पाठवलं नाही' असं लेखी उत्तर आलं, तर ते जपून ठेवा आणि त्याची प्रत आपल्या आमदाराला द्या. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं तेव्हा विचारायला एक नेमका प्रश्न तयार होतो.